थंड इंजिन, दुसरा गिअर

शोरूममध्ये उभ्या असलेल्या त्या दोन आसनी गाडीच्या मीटरवर सात किलोमीटर दिसत होते. कारखान्यातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून गोदामात आणि गोदामातून त्या चकचकीत फरशीवर येईपर्यंत जेवढे चालावे लागले तेवढेच ती आजवर चालली होती. सीटवरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते, स्टीअरिंगच्या कातड्याला कोऱ्या चपलेचा वास येत होता आणि गिअरचा दांडा अजून पुरता सैलावला नव्हता. विक्रेत्याने बुकिंगचा अर्ज पुढे सरकवला तेव्हा मी सही करणारच होतो. पेनही हातात होते. मग, का कोण जाणे, मी त्याला विचारले की गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच दिवशी इंजिन लाल रेषेपर्यंत, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, नेता येईल का. तो हसला आणि म्हणाला, "पहिले दीड हजार किलोमीटर तरी नको, साहेब." त्या उत्तरात वावगे काही नव्हते, तरीही मी पेन खाली ठेवले, विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर पडलो. त्यानंतरचे चार महिने नवी घ्यावी की वापरलेली या एका प्रश्नात गेले.

स्पोर्ट्‌स कार ही गरज नसते, हे आधीच कबूल केलेले बरे. तिच्यात दोन माणसे बसतात, मागे दोन पिशव्या मावतात, आणि आत शिरताना गुडघा व डोके यांपैकी आधी काय न्यायचे हे दरवेळी ठरवावे लागते. रोजच्या वापराच्या गाडीबाबत नवी की जुनी हा हिशेब सरळ असतो, कारण तिचे काम आपल्याला इथून तिथे नेणे एवढेच असते आणि जुनी गाडीही ते काम करते. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र तिथे पोहोचण्याला फारसे महत्त्व नसते. आपण पैसे मोजतो ते वळणात शिरताना हाताला जाणवणाऱ्या स्टीअरिंगच्या वजनासाठी आणि इंजिनाच्या वरच्या पट्टीतल्या आवाजासाठी. ही सुखे इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि टायर यांना ताण देऊनच मिळतात, म्हणून हा ताण आधी कुणी, किती आणि कसा दिला हा प्रश्न इथे फार मोठा होतो. तो टाळायचा असेल तर नवी गाडी घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि सुरुवातीला मला तोच पटत होता.

पहिली अडचण घसाऱ्याची आली. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने उतरते. सर्वसाधारण गाडीने या एका वर्षात किमतीचा पाचवा हिस्सा गमावणे यात नवल काही नाही. मोजक्याच बनवलेल्या आणि प्रतीक्षायादी लावून विकल्या जाणाऱ्या गाड्या याला अपवाद असतात, पण त्या माझ्या आवाक्याबाहेरच्या होत्या. आता, स्पोर्ट्‌स कार वर्षाला चालते तरी किती? सुट्टीच्या सकाळी, कोरड्या रस्त्यावर, अंगात उत्साह असेल तेव्हा. मी प्रामाणिकपणे चार हजार किलोमीटर धरले. पाचवा हिस्सा चार हजार किलोमीटरांवर वाटला, तर त्याच दराने वीस हजार किलोमीटरांत गाडीची पूर्ण किंमत संपते. पुढच्या वर्षांत हा दर मंदावतो हे खरे, पण पहिल्या वर्षीच्या प्रत्येक सुंदर वळणाला किती पैसे पडले हे एकदा कागदावर मांडल्यावर ते डोक्यातून जात नाही. घसाऱ्याची पावती कुणी देत नाही, म्हणून तो खर्च वाटत नाही, एवढेच.

नवे इंजिन सुरुवातीला जपून चालवण्याच्या काळाबद्दल मात्र मी त्या विक्रेत्याच्याच बाजूचा आहे. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या असतात, त्यांत ऑइल धरून राहते आणि पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत तिच्याशी जुळून येतात. गिअरचे दाते, ब्रेकचे पॅड, टायरचा वरचा गुळगुळीत थर या सगळ्यांना थोडा अवधी लागतो. हा अवधी संयमाने पाळणारा पहिला मालक पुढच्या सगळ्या मालकांवर उपकार करत असतो. माझी अडचण वेगळी होती. मी स्वतःला ओळखतो. दीड हजार किलोमीटर झाल्यावर बंपरवर पहिला खडा उडेल म्हणून मी पुढच्या गाडीपासून लांब राहीन. नंतर पावसात नको, उन्हात नको, अरुंद जागेत उभी नको, असे करत करत ती गाडी आच्छादनाखाली जाईल. माझ्या एका स्नेह्याचे असेच झाले. त्याने हौसेने नवी गाडी घेतली, आणि तीन वर्षांनी ती विकताना त्याला सर्वांत जास्त अभिमान होता तो ती जवळजवळ न चालवल्याचा.

नव्याच्या बाजूचे मुद्दे म्हणून हलके ठरत नाहीत. कारखान्याची वॉरंटी असते, मात्र ट्रॅकवर शर्यतीसाठी वापरल्यास ती कुठे संपते हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. सुरक्षिततेचा मुद्दा माझ्या दृष्टीने त्याहून वजनदार आहे. गाडी घसरू लागली की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रणाची यंत्रणा युरोपीय संघात २०१४ सालच्या अखेरीपासून सर्व नव्या गाड्यांवर सक्तीची झाली. त्याआधीच्या हलक्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या पुष्कळ गाड्यांत ती नव्हतीच. ओल्या वळणात पाय चुकला तर अशा गाडीत आपण आणि भौतिकशास्त्र एवढेच उरतो. तरुण वाचकाने मला विचारले, तर पहिली स्पोर्ट्‌स कार या यंत्रणेशिवाय घेऊ नकोस असेच मी सांगेन, मग जाणकार मंडळी काहीही म्हणोत.

पण कितीही पैसे मोजले तरी नव्या मिळतच नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. दोन लिटरचे, टर्बो नसलेले, मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारे होंडा एस२००० चे इंजिन हवे असेल, तर ती गाडी २००९ साली बनायची थांबली. लोटस एलिस १९९६ मध्ये आली तेव्हा तिचे वजन सव्वासातशे किलोच्या आसपास होते, आणि २०२१ मध्ये तीही संपली. पोर्शे ९११ मध्ये २०११ च्या पिढीपासून हायड्रॉलिकच्या जागी विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग आले, आणि रस्त्याचा खडबडीतपणा हाताला कमी कळतो अशी कुरकूर तेव्हा झाली. पुढे ते पुष्कळ सुधारले, हेही खरे. हाताने गिअर टाकायची सोय तर एकेका गाडीतून निघून चालली आहे. निस्सान जीटी-आर २००७ साली आली तीच दोन क्लचांच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह. तिसरे पेडल, म्हणजे क्लचचे, तिला कधी मिळालेच नाही. ज्याचा जीव अशा एखाद्या गुणावर जडला आहे, त्याच्यासाठी नवी की जुनी हा प्रश्न मुळात उरतच नाही. माझा जीव तिसऱ्या पेडलवर होता, पण तशी नवी गाडी अजून मिळत होती, म्हणून मला सुटका नव्हती.

वापरलेल्या गाड्यांकडे वळलो तेव्हा सगळ्यात आधी आठवला तो जॉर्ज अकरलॉफ. या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक शोधनिबंध लिहिला, आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकामागे त्या कामाचा मोठा वाटा होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ पाहतो, त्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो ती बाजारातून काढून घेतो, आणि मग बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. वाचताना हे निरुत्तर करणारे वाटते. पण स्पोर्ट्‌स कार बहुधा बिघडली म्हणून विकली जात नाही. घरात बाळ येते, कंबर दुखू लागते, नोकरी दूर जाते, किंवा मालकाला दुसऱ्याच गाडीचा मोह पडतो. गाडी चांगली असतानाच तिच्यापासून दूर व्हावे लागलेला माणूस तिची खुशाली सांगायला उत्सुक असतो. अशा मालकाकडे बिलांची एक फाइल असते, आणि अकरलॉफच्या कोड्यातून बाहेर पडायची माझी वाट त्या फाइलमधूनच जात होती.

ही अक्कल मला पहिल्या गाडीपाशी नव्हती. आठ वर्षांची ती गाडी फक्त अकरा हजार किलोमीटर चालली होती, आणि जाहिरातीतला तो आकडा वाचूनच मी अर्धा विकला गेलो होतो. रंग आरशासारखा, आत एक ओरखडा नाही. मी कौतुक करत भोवती फिरत होतो, आणि सोबत आलेले मेकॅनिक मात्र मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी टायरच्या कडेवरून अंगठ्याने धूळ पुसली आणि मला बोलावून लंबवर्तुळातले चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर गाडीच्याच वयाचे होते. नक्षी भरपूर खोल होती, पण खाचांच्या तळाशी रबराला केसासारख्या भेगा गेल्या होत्या. मग त्यांनी चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारला. ब्रेकच्या डिस्कच्या कडेला गंजाची जाड कड उभी होती आणि पॅड घासतो त्या भागावरही खड्डे पडले होते. "उभी राहून म्हातारी झालेय ही," ते म्हणाले. गाडी चालते तेव्हा तिचे ऑइल सगळीकडे फिरते, सील ओले राहतात, डिस्क स्वच्छ होतात. उभी राहते तेव्हा सील सुकतात, इंधन शिळे होते, कूलंटची गंजरोधक ताकद संपते, आणि महिन्यातून एकदा नुसते पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवले तर सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. मालक प्रामाणिक होते. त्यांनी गाडीला फार जपले होते. तेच तिला बाधले होते. माझ्या स्नेह्याची आच्छादनाखालची गाडी मला तिथे पुन्हा भेटली, पाच वर्षांनी म्हातारी होऊन.

त्या दिवसानंतर मी कमी किलोमीटरच्या मागे लागणे सोडले, आणि वाचनाचा रोखही बदलला. एखादे मॉडेल दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहिले की त्याच्या दुखण्यांना नावे मिळालेली असतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्शेने बॉक्स्टर आणि ९११ मध्ये पाण्याने थंड होणारी इंजिने आणली. त्यांतल्या काही इंजिनांच्या इंटरमीडिएट शाफ्ट नावाच्या आतल्या दांड्याचे बेअरिंग निकामी होऊन इंजिनच बाद होऊ शकते, हे आज त्या गाड्या पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि बेअरिंग बदलल्याचे बिल तो सर्वांत आधी मागतो. त्या गाड्या नव्या होत्या तेव्हा घेणाऱ्यांना हे कुठून ठाऊक असणार? नवे मॉडेल घेणाऱ्याला वॉरंटी मिळते, जुने घेणाऱ्याला त्या मॉडेलचे चरित्र मिळते. या दोहोंत निवड करायची तर माझा कल कुठे झुकू लागला होता हे आता वाचकाला कळलेच असेल.

एका मोहाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्यात मी जवळजवळ सापडलो होतो. जितक्या पैशांत मध्यम दर्जाची नवी स्पोर्ट्‌स कार येते, तितक्यात एके काळी तिच्या तिप्पट किमतीला विकली गेलेली, आता जुनी झालेली, नामांकित गाडी मिळते. रात्री अकराच्या पुढे अशा जाहिराती पाहू नयेत. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही; ती नवी असतानाच्या तोऱ्यानेच बिल येते. फेरारी एफ३५५ चे रबरी टाइमिंग बेल्ट ठराविक वर्षांनी बदलावे लागतात आणि त्यासाठी आख्खे इंजिन गाडीतून खाली उतरवतात. गाडी वर्षभर हलली नसली, तरी रबराचे वय वाढतेच, त्यामुळे हे काम टळत नाही. कार्बन-सिरॅमिक ब्रेकच्या डिस्क वर्षानुवर्षे टिकतात खऱ्या, पण त्या बदलायची पाळी नेमकी आपल्यावर आली तर त्या पैशांत एखादी साधी जुनी गाडी येते. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला: ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा गाडीत घालायचाच नाही, तो पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचा, आणि नवी असताना जिची किंमत मला सोसली नसती तिच्या वाटेला जायचे नाही.

ज्या गाडीपाशी मी शेवटी थांबलो ती सहा वर्षांची आणि अठ्ठावन्न हजार किलोमीटर चाललेली होती. मी आदल्या दिवशी फोन करून एकच विनंती केली होती, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. गरम इंजिन बरीच पापे लपवते. पोहोचताच मी बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा गार होता. मालकांनी ते पाहिले आणि हसले. ते साठीच्या पुढचे, अगदी मोजके बोलणारे गृहस्थ होते. किल्ली फिरवली, अर्धा सेकंद कुठेतरी टकटक झाली आणि ऑइल वर पोहोचताच थांबली. मागच्या नळीतून पांढुरकी वाफ आली आणि विरली, निळा धूर मात्र दिसला नाही. मेकॅनिकनी रंगाची जाडी मोजायचे यंत्र प्रत्येक पत्र्याला लावले. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. उजव्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आकडा दोनशे ऐंशीपर्यंत गेला. मी मालकांकडे पाहिले. त्यांनी काही न बोलता फाइल उघडली, चार वर्षांपूर्वीचे डेंटिंग-पेंटिंगचे बिल काढले आणि सोबत दुरुस्तीच्या आधीचा फोटोही दाखवला. मग संगणकाला स्कॅनर जोडून एकही बिघाड नोंदलेला नाही हे पाहिले, आणि गाडीच्या सगळ्या आत्मचाचण्या पूर्ण झाल्या आहेत हेही पाहिले. विकण्याच्या आदल्या रात्री कुणी बिघाडांच्या नोंदी पुसल्या असतील, तर या चाचण्या अपूर्ण दिसतात आणि त्या पूर्ण व्हायला पुष्कळ चालवावे लागते. काही पोर्शे गाड्यांचा संगणक तर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरले हेही टप्प्याटप्प्याने लिहून ठेवतो. या गाडीत ती सोय नव्हती, म्हणून इथे मालकांच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागला.

ती फाइल मी मन लावून वाचली. ऑइल दर वर्षी बदललेले, किलोमीटर कमी झाले असले तरीही. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी. क्लच एकेचाळीस हजारांवर. टायर दोनदा, आणि दोन्ही वेळा चारही एकदम. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मीटरचा आकडा लिहिलेला, त्यामुळे मीटर मागे फिरवल्याची शंका आपोआप मिटली. ही गाडी कुणीतरी मनसोक्त चालवली होती आणि चालवण्याची किंमतही वेळच्या वेळी मोजली होती. मग आम्ही निघालो. पहिले दहा मिनिटे मालकांनी स्वतःच चालवली, अडीच हजार फेऱ्यांच्या वर न नेता. पाण्याचा काटा मध्यावर आला तेव्हा मी उत्सुकतेने त्यांच्याकडे पाहिले, तर ते म्हणाले, "पाणी तापलं, ऑइल अजून नाही. पाच मिनिटं थांबा." किंमत पाडून मागायचे ठरवून आलो होतो, त्यातले निम्मे बेत त्या वाक्याने मोडले.

तरीही सही करताना एक गोष्ट मनाला लागून राहिली, आणि ती मी लपवत नाही. माझ्यासारखा हिशेबी माणूस नेहमी दुसऱ्याच्या हौसेवर जगतो. १९८९ साली माझ्दाने एमएक्स-५ आणली तेव्हा अशा लहान, उघड्या, हलक्या गाड्यांचा बाजार जवळजवळ संपलेला होता. लोकांनी त्या नव्या विकत घेतल्या, घसारा सोसला, म्हणून ती गाडी चार पिढ्या चालली आणि २०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडून गेली. सगळ्यांनी माझ्यासारखा शहाणपणा केला असता, तर वापरलेल्या गाड्या आल्या कुठून असत्या? तिसरे पेडल हवे म्हणून गळा काढणारे आम्ही लोक ते नवे असताना घेत नाही, आणि मग कारखान्याने ते बंद केले की कारखान्याला नावे ठेवतो. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. पुढची गाडी नवी घेईन, असे मी स्वतःला सांगितले आहे. आधीही एकदा सांगितले होते.

गाडी घरी येऊन सात महिने झाले. बाजूला ठेवलेल्या रकमेतून मागच्या सस्पेन्शनचे बुश आणि एक व्हील बेअरिंग झाले आहे, पुढच्या डिस्क पुढच्या सर्व्हिसला बदलायच्या आहेत. उजव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याचा रंग विशिष्ट उन्हात किंचित वेगळा दिसतो, आणि दाराला आता माझ्या हातून लागलेली एक बारीक रेघ आहे, जी पाहून मला अर्धा दिवस वाईट वाटले आणि मग वाटेनासे झाले. एक दोष मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवला होता: थंडीत सकाळी पहिली काही मिनिटे दुसरा गिअर पडताना खरखरतो, गिअर जुळवून घेणारे सिंक्रोचे कडे थोडे झिजले आहे, ऑइल तापले की आवाज जातो. गिअरबॉक्स उघडायचे काम मोठे आहे आणि मेकॅनिक म्हणतात अजून तीन-चार वर्षे सहज निघतील. तोपर्यंत मी आधीचे मालक करायचे तेच करतो: गल्लीच्या तोंडापर्यंत पहिला, तिथून थेट तिसरा, आणि काटा मध्यावर आल्यावरही आणखी पाच मिनिटे.